आपण आपल्याला ठेवलेलं नाव

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 गणपती बाप्पा मोरया!

सांस्कृतिक समितीनं मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘यूजरनेम’ या विषयावर बोलतो. समितीतले एक काका जरा काळजीत पडले. म्हणाले, “अहो, गणपतीसमोर पासवर्ड वगैरे सांगणार की काय?” मी त्यांना शब्द दिला आहे की पासवर्ड कोणाचाच सांगणार नाही. फक्त नावांबद्दल बोलणार आहे.

मी साहित्याचा अभ्यासक नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या नोकरीला लागलो. कार्यालयात नवीन माणूस रुजू झाला की त्याचा लॉगिन आयडी तयार करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. निवृत्तीला टेकलेले बाबूजी आणि नुकतीच लागलेली मुलं, दोघांनाही मी एकच प्रश्न विचारतो, “आयडी काय ठेवू?” आणि या प्रश्नावर माणसं जी उत्तरं देतात, त्यातून मला या विषयाची गोडी लागली.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट द रेट’च्या आधी जे लिहितात ते यूजरनेम. इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर, मोबाइलच्या खेळात माणूस ज्या नावानं वावरतो तेही यूजरनेमच. ही गोष्ट आली कुठून? पूर्वी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं, फार महागडं यंत्र असायचं. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत अशी सोय केली गेली की एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं. मग कोणाचं काम कोणाचं हे यंत्राला कळावं म्हणून प्रत्येकाला एक नाव आणि एक पासवर्ड आला. पुढं १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या इंजिनिअरनं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवून दाखवला. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये टाकायला त्यांना असं चिन्ह हवं होतं जे कोणाच्या नावात येत नाही. त्यांनी ‘ए’ला वेटोळं घातलेलं ते चिन्ह निवडलं. हे चिन्ह व्यापाऱ्यांच्या हिशेबातलं, अमुक डझन तमुक दरानं असं लिहायचं. म्हणून आपण अजून त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतो. इटलीतले लोक त्याला गोगलगाय म्हणतात आणि हॉलंडमध्ये त्याला माकडाचं शेपूट म्हणतात.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ ला, हॉटमेल सुरू झालं आणि ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक आपले भारतीय, सबीर भाटिया. माझ्या वयाच्या मंडळींना तो काळ आठवत असेल. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं. निम्मा वेळ पान उघडण्यात जायचा आणि उरलेला वेळ नाव शोधण्यात. कारण आपलं नाव टाकलं की समोर उत्तर यायचं, हे नाव आधीच कुणी घेतलं आहे.

इथं एक मोठा फरक आहे, तो लक्षात घ्या. आपल्या बारशाला कोणी आडकाठी करत नाही. एका गल्लीत पाच सचिन असू शकतात, एका वर्गात तीन स्मिता असू शकतात. आई हाक मारते तेव्हा तिचाच सचिन धावत येतो. यंत्राला हे चालत नाही. त्याच्या वहीत एका नावाचा एकच माणूस. त्यातून अक्षरांची अटही असते. जीमेलवर नाव किमान सहा अक्षरांचं लागतं. इंग्रजीत ‘उमा’ची अक्षरं तीन आणि ‘अजय’ची चार. म्हणजे उमाला आणि अजयला काहीतरी जोडावंच लागतं. मग कोणी जन्मसाल जोडतं, कोणी आडनाव, कोणी गाडीचा नंबर, कोणी गाव. आणि माझं म्हणणं असं की माणसाची खरी ओळख या जोडलेल्या शेपटात असते. नाव आईवडिलांनी किंवा आत्यानं दिलेलं. शेपूट मात्र त्याचं स्वतःचं.

आता माणसं नाव कशावरून ठेवतात? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. समोर बाप्पा बसले आहेत, त्यांचीच नावं पाहू. लंबोदर, एकदंत, वक्रतुंड ही रूपावरून पडलेली नावं. विघ्नहर्ता, सुखकर्ता ही कामावरून. गौरीपुत्र, शिवसुत ही नात्यावरून. आणि टिटवाळ्याचा गणपती, आपला खजराना गणेश ही गावावरून. आपल्या शहरातला बडा गणपती तर सरळ आकारावरून ओळखला जातो, चौकालाही तेच नाव आहे. रूप, काम, नातं आणि गाव. नाव ठेवायच्या या चार वाटा.

आडनावांतही हेच दिसतं. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभं केलं, अहिल्यामाईंनी ते नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत नेलं, पण नावात गाव राहिलं ते होळच. बडोद्याच्या गायकवाडांची कथा सांगतात की गाईंना आसरा देण्यासाठी पूर्वजांनी वाड्याचं कवाड उघडलं, म्हणून गायकवाड. ते नाव कामावरून. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस हे तर सगळे आमच्या जातीचे, म्हणजे सरकारी नोकर! फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. फडाचा हिशेब लिहिणारा फडणीस, पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस. पदावरून पडलेलं नाव घराण्याला कायमचं चिकटलं.

आता आजच्या मुलांची यूजरनेमं याच चार वाटांवर ठेवून पाहा. कोणी स्वतःला ‘चष्मिस’ म्हणवतो, कोणी ‘लंबू’, ते रूपावरून. ‘ढोलवाला’, ‘क्लिकक्लिक’, ‘कोडर’, ते कामावरून. ‘आईचागोट्या’, ‘दोघींचादादा’, ते नात्यावरून. आणि गावावरून ठेवलेली तर किती! राजवाड्याचं नाव, सराफ्याचं नाव, छप्पन दुकानचं नाव. एका मुलानं तर ‘पोहेजिलेबी’ हेच नाव घेतलेलं मी पाहिलं आहे. तो नोकरीला बेंगळुरूला असतो. इंदुरात राहणारा माणूस स्वतःला पोहेजिलेबी म्हणवणार नाही, त्याला ती रोज मिळते. लांब गेलेल्यालाच ते नाव सुचतं. होळ गाव सुटल्यावरच माणसं होळकर झाली, तसंच हे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं आजचं खूळ आहे. पूर्वीची माणसं आईबापांनी दिलेल्या नावावर समाधानी होती. तसं नाही. स्वतःला नाव ठेवायची आपली परंपरा जुनी आहे.

आपल्या संतांच्या अभंगात शेवटी नाव येतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ आपल्याला पाठ आहे. एकनाथ महाराजांची मुद्रा पाहा, ‘एका जनार्दनी’. जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू, देवगिरीचे. नाथांनी स्वतःचं नाव लिहिताना गुरूचं नाव कधी सोडलं नाही. जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवते, नामदेवांच्या घरची. स्वतःची ओळख द्यायची वेळ आली तेव्हा या मोठ्या माणसांनी आपल्या शेजारी कोणाला तरी उभं केलं.

पुढचे कवी घ्या. कृष्णाजी केशव दामले यांनी नाव घेतलं ‘केशवसुत’, म्हणजे केशवचा मुलगा. राम गणेश गडकरी यांचा जन्म गुजरातेत नवसारी भागातला, म्हणजे तेही आपल्यासारखे बाहेरचेच मराठी. ते नाटकं लिहायचे गडकरी या नावानं, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावानं आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावानं. आजच्या पोरांची तीन-तीन खाती असतात म्हणून आपण रागावतो, गडकऱ्यांची शंभर वर्षांपूर्वी होती! त्यातलं गोविंदाग्रज म्हणजे गोविंदचा मोठा भाऊ.

आणि कुसुमाग्रज. त्यांचं जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. ते दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. म्हणजे पहिलं नाव जन्मदात्यांनी दिलं, दुसरं दत्तकविधानानं मिळालं. तिसरं नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलं. ते घेताना त्यांना सूर्य सुचला नाही, सिंह सुचला नाही, आपली बहीण कुसुम सुचली. कुसुमचा मोठा भाऊ तो कुसुमाग्रज. दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो तो त्यांच्या जन्मदिवशी, आणि त्या दिवशी आपण नकळत एका बहिणीचंही नाव घेत असतो.

आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरचं एक उदाहरण देतो. १९६१ साली तिथं मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्यांचे पती आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे कवी ‘अनिल’. या दोघांच्या पत्रांचं पुस्तक निघालं त्याचं नाव ‘कुसुमानिल’. दोन नावं एकत्र करून एक नाव करायची ही रीत. आज नवरा-बायको मिळून एक खातं काढतात आणि दोघांच्या नावाची अर्धी-अर्धी अक्षरं जोडतात, तेव्हा त्यांना वाटतं आपण काही नवं केलं!

बडोद्यात जन्मलेले माधव त्र्यंबक पटवर्धन म्हणजे ‘माधव जूलियन’. फारसीचे पंडित, फारसी-मराठी कोश केला आणि नंतर ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतल्या परक्या शब्दांविरुद्ध उभे राहिले. आणि स्वतःचं टोपणनाव मात्र जूलियन! म्हणून म्हणतो, मुलानं एखादं परदेशी खेळाडूचं किंवा जपानी कार्टूनचं नाव लावलं तर लगेच मराठी बुडाली असं म्हणू नका. थांबून विचारा, हेच का?

आता एक गंभीर बाजू सांगायला हवी, कारण समोर पालक बसले आहेत. खोटं नाव हे लपायलाही वापरतात. ते चांगलं की वाईट?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला. लेखिकेचं नाव ‘विभावरी शिरूरकर’. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं स्पष्ट लिहिलं होतं की मोठा गदारोळ झाला. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. खऱ्या नावानं ते पुस्तक आलं असतं तर त्या काळात त्यांचं जगणं अवघड झालं असतं. त्याआधी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात समाजाला खडसावणारी शतपत्रं आली ती ‘लोकहितवादी’ या नावानं. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकर होते. सरकारी नोकरानं उघड नावानं लिहिणं काय असतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट पाहा. विभावरी शिरूरकरांच्या मागं प्रकाशक ह. वि. मोटे उभे होते. लोकहितवादींच्या मागं ‘प्रभाकर’चे संपादक भाऊ महाजन होते. जगाला नाव माहीत नव्हतं, तरी लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेणारा कोणीतरी होता. आज रात्री बारा वाजता कोणी खोट्या नावानं एखाद्या मुलीच्या फोटोखाली घाण लिहितो, त्याच्या मागं असं कोणी नसतं. तेव्हा मुलांना एवढंच सांगावं, नाव कोणतंही घे, पण त्या नावानं जे लिहिशील ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवता आलं पाहिजे. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे. आपल्या काही ज्येष्ठ मंडळींचे फॅमिली ग्रुपवरचे निरोप मी वाचतो, म्हणून सांगतो!

दुसरी सावधगिरी शेपटाची. नावापुढं पूर्ण जन्मतारीख जोडू नका. जन्मतारीख आणि नाव मिळालं की फसवणाऱ्याचं अर्धं काम होतं. पैसे पाठवायच्या यूपीआयमध्ये सुरुवातीला बहुतेक वेळा आपला मोबाइल नंबरच आयडी म्हणून येतो. बऱ्याच ॲपमध्ये तो बदलून दुसरा ठेवता येतो, म्हणजे भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांकडे आपला नंबर जात नाही. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना हवं त्यांना मी हे करून देईन.

आता आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांशी ज्याचा संबंध आहे त्या गोष्टीकडे येतो. यूजरनेम बहुतेक ठिकाणी इंग्रजी अक्षरांतच चालतं. देवनागरीत ‘.भारत’ असा पत्ता २०१४ पासून मिळतो, पण वापरणारे थोडे. म्हणजे आपलं नाव इंग्रजी अक्षरांत बसवावं लागतं आणि बसवताना आपण कुठले ते उघडं पडतं.

‘प्रज्ञा’ हे नाव घ्या. एकच संस्कृत शब्द. हिंदी घरातली मुलगी त्यातला ‘ज्ञ’ ‘जी-वाय’ असा लिहिते. गुजराती घरातली ‘जी-एन’ लिहिते. कानडी घरातली ‘जे-एन’ लिहिते. आणि मराठी घरातली मुलगी ‘डी-एन-वाय’ लिहिते. देशात कुठंही जा, नावात ‘डी-एन-वाय’ दिसलं की समजावं, घरात वरणभात आहे. माझ्या कार्यालयात अशा नावाची फाईल आली की सहकारी विचारतात, “यह डी कहाँ से आया?” मी सांगतो, हा ‘डी’ आमच्या आजीच्या उच्चारातून आला आहे. इथल्या शाळांत आपली मुलं हिंदी शिकतात, बोलताना ‘ग्यान’ म्हणतात. तरी आयडी तयार करताना एखादी मुलगी आग्रहानं सांगते, “सर, डी लावा हं.” मराठीचं एखादं पुस्तक तिनं वाचलेलं असेल-नसेल, तो ‘डी’ मात्र ती सोडत नाही.

मधल्या नावाचंही असंच. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत. इथल्या अर्जांत ‘पिता/पति का नाम’ असा रकाना वेगळा असतो, त्यामुळे कागदावर मधलं नाव गळून पडतं. पण यूजरनेममध्ये पाहा, आपली मुलं तीन आद्याक्षरं लावतात. मधलं अक्षर वडिलांचं. अर्जातून गेलेले वडील तिथं परत येतात.

आणि भगिनींसाठी एक निरीक्षण. ज्या बायकांनी लग्नाआधी ई-मेल काढला, त्यांच्यापैकी कित्येकींच्या पत्त्यात अजून माहेरचं आडनाव आहे. रेशनकार्ड बदललं, बँकेचं पासबुक बदललं, काहींचं तर पहिलं नावही बदललं. ई-मेल बदलला नाही. मी विचारलं की म्हणतात, “कुठं आता बदलत बसायचं, सगळीकडे तोच दिलाय.” असेल तसंही. पण एकदा एक बाई हळूच म्हणाल्या, “तेवढं एक राहू दे माझं.” मी पुढं काही विचारलं नाही.

शेवटी एक हकीकत सांगतो. आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक होते. वयानं खूप मोठे, पण उत्साही. साठी उलटल्यावर नातवाकडून ई-मेल शिकले. ते गेल्यावर त्यांचा मुलगा त्यांचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला, बँकेचे आणि पेन्शनचे काही कागद मेलवर होते ते काढायला. मेलचा पत्ता पाहिला तर त्यात ना त्यांचं नाव, ना आडनाव. एक शब्द आणि पुढं ५२. मुलाला शब्द कळेना. त्याला वाटलं टाइप करताना चूक झाली असावी. ५२ हे जन्मसालही नव्हे, काका त्याच्या बरेच आधीचे.

मुलानं उज्जैनच्या आत्याला फोन लावला. आत्या नव्वदीला आलेली, ऐकायला कमी. तो शब्द तीनदा मोठ्यानं सांगितला तेव्हा पलीकडून आवाज आला, “अरे, ते आपलं गाव.” सातारा जिल्ह्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. १९५२ साली काका गाव सोडून इंदूरला मामाकडे शिकायला आले. पुढं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. परत जायला काही उरलंच नाही. त्यांनी घरात कधी त्या गावाचा विषय काढला नव्हता. मुलांना वाटत होतं, आपण मूळचे इंदूरचेच. आणि हा माणूस मात्र दहा-बारा वर्षं रोज सकाळी चहा घेताना, मेल उघडायच्या आधी, बुडालेल्या गावाचं नाव स्वतःच्या हातानं टाइप करत होता.

त्या मुलानं वडिलांना एकदा तरी विचारलं असतं, “बाबा, हे काय नाव ठेवलंत?” तर गावाच्या नदीपासून देवळापर्यंत सगळं त्याला वडिलांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं. आत्या होती म्हणून गावाचं नाव तरी कळलं. आणखी दोन वर्षांनी फोन केला असता तर तेही कळलं नसतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. आज आरती झाली, प्रसाद घेतला, घरी गेलात की एकमेकांना विचारा. आजोबांनी नातवाला विचारावं, “तुझ्या त्या नावाचा अर्थ काय रे?” तो आधी “असंच” म्हणेल. पुन्हा विचारा, रागावून नको, उत्सुकतेनं विचारा. त्यात त्याचा मित्र निघेल, एखादा आवडता खेळाडू निघेल, एखादं दुःखही निघेल. आणि नातवानं आजोबांना विचारावं, आपलं आडनाव कुठल्या गावावरून, ते गाव आता कुठं आहे, तिथून आपण कधी आणि का निघालो. आजी, तुमचं माहेरचं नाव काय होतं आणि तुम्हाला तिथं काय म्हणून हाक मारायचे? आपल्या कितीतरी घरांत हे सांगणारं आता एकच माणूस उरलं आहे.

मी समितीलाही एक सुचवतो. स्मरणिकेत दरवर्षी सभासदांची यादी छापता, नाव, पत्ता, फोन. त्यातला फोन एक वेळ काढून टाका, आणि त्या जागी प्रत्येक घराच्या मूळ गावाचं नाव छापा. एका शब्दाची तर जागा लागेल. ज्यांना माहीत नाही त्यांनी या वर्षभरात शोधून काढावं.

मागच्या रांगेतले दोन-तीन मोबाइल आता खिशात गेलेले दिसतात, त्याअर्थी माझं बोलणं अगदी वाया गेलेलं नाही.  यूपीआयचा आयडी बदलायचा आहे त्यांनी प्रसादाच्या टेबलाजवळ यावं, मी तिथंच आहे.

गणपती बाप्पा मोरया!